जुन्या वखारीचे छप्पर

महाराष्ट्रातील बाजारपेठांच्या गावी व्यापारी घराण्यांच्या वाड्यांमागे एखादी कौलारू वखार आजही उभी दिसते. पुढच्या अंगाचे दुकान काळाप्रमाणे बदलले. फळ्यांची दारे गेली, लोखंडी शटर आले, गादी-तक्क्याच्या जागी टेबल आणि संगणक आला. मागील वखार मात्र आजोबांच्या वेळी जशी होती तशीच राहिली. तिच्यात रिकामे बारदान, जुना तराजू, हंगामातील शिल्लक माल आणि कोणालाच टाकवत नाहीत अशा वस्तू ठेवलेल्या असतात. मिळकतीच्या उताऱ्यावर तिची नोंद असते. घरातील माणसांच्या मनात ती क्वचितच असते.

अशा वास्तूची हानी तिच्या छपरापासून सुरू होते. एक कौल जागेवरून दोन बोटे सरकते. पहिल्या पावसाळ्यात त्या फटीतून थेंब गळतो आणि कौलाखालची लाकडी रीप ओली होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती कुजून वाकते आणि तिच्यावरची आणखी काही कौले ढिली होतात. पाणी वाशाच्या टोकाशी साचते, तेथून भिंतीवरील आडव्या लाकडात आणि शेवटी मातीच्या भिंतीत उतरते. मातीत बांधलेली भिंत एकदा आतून भिजली की ती पडण्यास फार काळ लागत नाही. एका कौलाच्या किमतीत जे काम झाले असते, त्यासाठी काही वर्षांनी संपूर्ण भिंत उभारण्याचा खर्च करावा लागतो.

मंगलोरी कौलाची रचना

आपल्याकडे कौले मुख्यतः दोन प्रकारची आढळतात. गावचा कुंभार घडवीत असे ती नळीची कौले, आणि कारखान्यात साच्यातून काढलेली सपाट मंगलोरी कौले. बासेल मिशन या संस्थेने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा पहिला कारखाना काढला. नेत्रावती नदीच्या काठची चिकणमाती त्यासाठी उपयोगी पडली. तेथून ही कौले पत्तेमारींतून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत येत. पुढे इतरत्रही कारखाने निघाले, तरी नाव मंगलोरी हेच राहिले. पुष्कळ जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचे नाव किंवा चिन्ह उठविलेले असते. दुरुस्तीच्या वेळी ते अवश्य पाहावे, कारण निरनिराळ्या साच्यांतील कौले एकमेकांत नीट बसत नाहीत.

नेहमीच्या आकाराचे मंगलोरी कौल सुमारे ४१० मिलिमीटर लांब आणि २३५ मिलिमीटर रुंद असते व त्याचे वजन दोन ते तीन किलो भरते. एक चौरस मीटर छपरास साधारण १५ कौले लागतात. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब वखारीचे, वळचणीसह दोन्ही पाख्यांचे क्षेत्र ६५ चौरस मीटरच्या आसपास धरले, तर कौलांची संख्या हजाराच्या जवळ जाते आणि त्यांचा भार सुमारे अडीच टन होतो. हा भार वाशांवरून भिंतींवर उतरतो. म्हणून छपराच्या दुरुस्तीत लाकडाचा विचार आधी करावा लागतो.

कौलाच्या खालच्या बाजूस वरच्या टोकाशी दोन उंचवटे असतात. ते रिपेला अडकतात आणि कौल घसरत नाही. बाजूच्या कडांना खाचा असतात. एका कौलाची कड शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते. वरच्या ओळीचे कौल खालच्या ओळीवर काही इंच चढते. खिळा नाही, सिमेंट नाही. केवळ वजन, उतार आणि खाच यांच्या आधारावर सारे छप्पर उभे असते. यामुळेच एखादे कौल सुटे काढून बदलता येते, आणि यामुळेच ते ढिलेही होते.

कौल का हलते?

कौल हलण्याची कारणे शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती एका पावसाळ्यापुरती टिकते. पहिले कारण रिपा. वाळवीने पोखरलेली किंवा ओलीने कुजलेली रीप खाली वाकते आणि कौलाचे उंचवटे तिच्यावरून सुटतात. दुसरे कारण वारा. जोराचा वारा आढ्यावरून पलीकडे जातो तेव्हा मागील पाख्यावरील कौले वर ओढली जातात. वळचणीची ओळ, बाजूच्या त्रिकोणी भिंतीवरील कडेची ओळ आणि आढ्यावरचे कोने यांना हा ताण सर्वांत अधिक बसतो. वळिवाच्या पावसात नेमकी हीच कौले उडतात. तिसरे कारण छपरावर आलेल्या झाडाच्या फांद्या आणि माकडांच्या उड्या. चौथे कारण माणूस: वीजजोडणी किंवा दूरचित्रवाणीची तबकडी बसविण्यासाठी छपरावर चढलेला मनुष्य कौलाच्या मध्यावर पाय देतो, कौल तडकते, आणि ते कोणास कळत नाही.

पाचवे कारण म्हणजे पूर्वीची घाईने केलेली दुरुस्ती. गळते कौल दिसले की त्यावर सिमेंटचा गोळा थापला जातो. उन्हात कौल आणि सिमेंट सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्यांच्यामध्ये बारीक भेग पडते आणि पाणी तेथे अडून राहते. शिवाय ती कौले एकमेकांना चिकटल्याने पुढील वेळी एक काढताना चार फुटतात.

एका घराण्याची वखार

दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावच्या पेठेत गुळाचा व्यापार करणाऱ्या एका घराण्याची अशी वखार आहे. चार भावांची सामाईक मिळकत. त्यांपैकी दोघे व्यवसायानिमित्त पुण्यास आणि बंगळूरास स्थायिक झाले, तिसऱ्याच्या पश्चात त्याचा मुलगा दुकान पाहतो, आणि गावी राहणारे थोरले काका वयपरत्वे व्यवहारातून निवृत्त झाले आहेत. वखारीचे आढे मध्यभागी खचलेले होते. दर पावसाळ्यात गुळाच्या ढेपा कोरड्या कोपऱ्यात सरकवाव्या लागत. पण खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न निघाला की तो पुढील दिवाळीवर जाई.

एके वर्षी वैशाखातील वळिवात वळचणीची तीन कौले सुटून खाली आली. हमाल दुपारी डबा खाण्यास बसत त्याच कट्ट्यावर ती फुटून पडली. त्या वेळी तेथे कोणी नव्हते. अडीच किलोचे कौल दहा-बारा फुटांवरून डोक्यावर पडले तर काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. काकांनी त्याच संध्याकाळी कट्ट्याकडे जाणारी वाट बांबू लावून बंद केली आणि कौलांचे काम करणाऱ्या वृद्ध मिस्त्रीला बोलावणे पाठविले.

पुतण्याचे मत वेगळे होते. सगळी कौले उतरवून रंगीत पत्रा टाकावा, आठ दिवसांत काम संपेल, असे त्याचे म्हणणे. मिस्त्रीने आत जाऊन दार लावून घेतले आणि अंधारात उभे राहून छपराकडे पाहिले. जेथे जेथे उजेडाचा कवडसा दिसला तेथे त्याने खालच्या जमिनीवर खडूने खूण केली. मग शिडीवर चढून रिपांना छिन्नीचे टोक टोचून पाहिले.

"काका, कौलांना बोल लावू नका," तो म्हणाला. "शंभरातली नव्वद तरी अजून खणखणीत आहेत. रिपा गेल्यात, म्हणून कौलं सरकतायत. पाच वाशांची टोकंही गेलीत."

"म्हणजे एक बाजू मोकळी करावी लागणार?" काकांनी विचारले.

"एकच पाखं मोकळं करून चालायचं नाही. सगळा भार दुसऱ्या अंगाला जाईल आणि भिंत कलेल. दोन्हीकडनं सारखं उतरवत जाऊ, सारखं चढवत येऊ."

पुतण्याने पत्र्याचा विषय पुन्हा काढला तेव्हा मिस्त्रीने त्यास जमिनीवरचे एक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवून दाखविले. आवाज भांड्यासारखा स्वच्छ आला. दुसरे वाजविले, त्याचा आवाज बद्द आला. त्यात केसासारखी तड होती. "हे टाकायचं, ते ठेवायचं. एवढंच काम आहे, दादा," असे तो म्हणाला. अंदाजपत्रक आले तेव्हा पत्र्याच्या खर्चाहून ते पुष्कळ कमी होते. ते चारही घरांना पाठविले गेले, आणि बऱ्याच वर्षांनी प्रथमच चौघांचे एकमत झाले. हमालांच्या कट्ट्यावर पडलेल्या कौलांचे छायाचित्र सोबत होते, याचाही त्यात वाटा असावा.

त्या वर्षी पावसाळा तोंडावर आल्याने तात्पुरती व्यवस्था म्हणून ताडपत्री घालून वळचणीच्या ओळी तारेने बांधण्यात आल्या. मुख्य काम पुढील चैत्रात झाले.

कामाचा क्रम

कौलांच्या कामास चैत्र-वैशाख हाच काळ योग्य. आपल्या घरांच्या दिनदर्शिकेप्रमाणे सांगावयाचे तर महावीर जयंतीनंतर आरंभ करावा आणि अक्षय तृतीयेपर्यंत छप्पर पुन्हा बंद व्हावे. त्यानंतर वळिवाची भीती वाढते, आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागण्यापूर्वी एखाद-दुसऱ्या सरीत गळती तपासून पाहण्यास अवधी हवा असतो. व्यापाऱ्यांना आणखी एक सोय आहे. ३१ मार्चच्या सुमारास साठा मोजण्यासाठी वखार उघडली जातेच. त्याच दिवशी दार लावून पाच मिनिटे छपराकडे पाहिले तर कवडसे मोजून होतात.

एखाद-दुसरेच कौल फुटले असेल तर छप्पर उघडण्याचे कारण नाही. फुटक्या कौलाच्या वरचे आणि शेजारचे कौल लाकडी पाचरीने किंचित उचलून धरावे, फुटके खाली ओढून काढावे, नवे त्याच मार्गाने वर सरकवून त्याचे उंचवटे रिपेला अडकले याची हाताने खात्री करावी आणि पाचरी काढाव्यात.

रिपा बदलावयाच्या असतील तर कौले आढ्याकडून खाली उतरवीत यावे. ती जमिनीवर आडवी न रचता कडेवर उभी रचावी, म्हणजे तळातील फुटत नाहीत. शेवाळ सुकल्यावर कोरड्या ब्रशने काढावे. प्रत्येक कौल वाजवून पाहावे आणि उंचवटे तुटलेली कौले बाजूस काढावीत. नवी कौले घेताना जुन्या कौलाचा नमुना सोबत न्यावा. जुन्या साच्याची कौले मिळाली नाहीत तर दोन्ही कौलांची मिसळ करू नये. नवी कौले एका कडेच्या सलग पट्ट्यात लावावीत आणि तेथून निघालेली जुनी कौले इतरत्र भरतीस वापरावीत.

रिपांमधील अंतर जुन्या खिळ्यांवरून घेऊ नये. प्रत्यक्ष दोन कौले एकमेकांवर बसवून वरच्याच्या उंचवट्यापासून खालच्याच्या उंचवट्यापर्यंत माप घ्यावे. मंगलोरी कौलास ते साधारण ३२ सेंटिमीटर भरते. अर्धा-पाऊण इंचाची चूकही दहाव्या ओळीपर्यंत अर्ध्या फुटाची होते. वाशाचे केवळ टोक कुजले असेल तर संपूर्ण वासा बदलण्याची गरज नसते. चांगल्या भागास दोन्ही बाजूंनी नवे लाकूड जोडून बोल्ट घालता येतात.

कौले चढविताना वळचणीपासून आरंभ करून वर जावे, दोन्ही पाख्यांवर सारख्याच ओळी ठेवाव्यात आणि दर ओळीस दोरी धरावी. वळचणीची ओळ, दोन्ही कडा आणि आढ्यालगतची ओळ कौलातील छिद्रातून जस्ताच्या किंवा तांब्याच्या तारेने रिपेला बांधावी. कोने बसविण्यासाठी निव्वळ सिमेंटपेक्षा एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग वाळू हे मिश्रण बरे. चुन्यामुळे ते थोडे लवचीक राहते. उतार पुरेसा आहे की नाही हेही याच वेळी पाहावे. दोन फूट आडवे अंतर गेल्यास किमान एक फूट चढ असावा. त्याहून उतार कमी असेल तर वाऱ्याने पाणी कौलांखाली मागे ढकलले जाते.

काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेबाबत तडजोड असू नये. कौलांवर थेट चालू न देता आढ्यास अडकविलेली शिडी किंवा फळी वापरावी, कमरेस दोर बांधलेला असावा, छपरालगतची वीज बंद करावी आणि खाली कोणी उभे राहू नये. रोजंदारीचा विचार करून ही तयारी टाळणाऱ्या मालकाने पडलेल्या माणसाच्या कुटुंबाचा विचार करावा.

छपराखालचे जीव

जुने छप्पर केवळ मालकाचे नसते. रिपांच्या फटीत चिमण्यांची घरटी असतात, आढ्याशी पाकोळ्या असतात, पाली आणि कोळी तर असतातच. काम सुरू करण्याच्या आठ दिवस आधी आतून एक फेरी मारावी. अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे दिसले तर तेवढ्या वाशांमधील भाग शेवटी घ्यावा. चिमणीचे अंड्यापासून पिल्लू उडून जाईपर्यंत साधारण चार आठवडे लागतात. कामाचा क्रम बदलला की बहुधा तेवढा अवधी मिळतो. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते, म्हणूनही चातुर्मासापूर्वी हे काम आटोपणे श्रेयस्कर.

वाळवीविषयी अनेक कुटुंबांच्या मनात प्रश्न असतो. जमिनीतून येणारी वाळवी ओलीच्या आधाराने वाढते. ज्या लाकडास ओल लागत नाही, वारा लागतो आणि जे जमिनीच्या मातीपासून दूर आहे, तेथे ती सहसा वस्ती करीत नाही. गळती थांबविणे, भिंतीलगत साचलेली माती व बारदान दूर करणे आणि नव्या लाकडास बसविण्यापूर्वीच लेप देणे, एवढे केल्यास नंतर विषारी फवारणीची वेळ टळू शकते. कोकणात यासाठी काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी पद्धत आहे.

पत्रा की कौल?

पत्र्यास दोष देण्याचे कारण नाही. तो हलका असतो, लवकर बसतो आणि नव्या इमारतीस योग्यही असतो. जुन्या वखारीत मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. पत्रा उन्हात तापतो आणि रात्री थंड होतो; त्याच्या आतील अंगास दव धरते व ते मालावर ठिबकते. गूळ, मसाले, धान्य अशा ओल शोषणाऱ्या मालास हे घातक आहे. कौलांच्या सांध्यांतून हवा खेळती राहते. दुसरे, पत्र्याचे छप्पर हलके असल्याने वाऱ्याने उचलले जाण्याची भीती असते. मातीच्या भिंतीत त्याचे बोल्ट पक्के बसतातच असे नाही. तिसरे, पत्र्यात एक तुकडा बिघडला तर संपूर्ण पान बदलावे लागते. भिंती खरोखरच कमकुवत झाल्या असतील आणि अडीच टनांचा भार पेलत नसतील, तर अभियंत्याचा सल्ला घेऊन निर्णय करावा. केवळ कंटाळा आला म्हणून करू नये.

सामाईक मिळकतीचा हिशेब

कौले सुटण्याची कारणे वर दिली; ती वर्षानुवर्षे सुटी राहण्याचे कारण बहुधा हिशेबात असते. एकाने खर्च केला तर इतर देतील का, आणि खर्च करणारा पुढे अधिक हक्क सांगेल का, या दोन शंकांमुळे सारेच थांबतात. वर सांगितलेल्या घराण्याने यावर साधी व्यवस्था केली. वखारीच्या नावे वेगळी वही उघडली. दर पाडव्यास चारही घरांनी ठरावीक वर्गणी द्यावयाची, काम पाहण्याचा अधिकार एकाकडे, दर खर्चाची पावती वहीस जोडलेली, आणि दुरुस्तीच्या खर्चामुळे कोणाच्या हिश्शात फरक पडणार नाही असे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या. वखारीच्या वापराबद्दल दुकानाने त्या वहीत दरमहा भाडे जमा करावयाचे, हेही पुतण्याने स्वतःहून सुचविले.

करांच्या दृष्टीनेही नोंद स्वच्छ असावी. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीची चालू दुरुस्ती आणि भांडवली स्वरूपाचे काम यांत आयकर कायदा भेद करतो. फुटकी कौले व रिपा बदलणे आणि संपूर्ण छप्पर नव्या पद्धतीचे करणे या दोन्हींची बिले एकत्र करू नयेत. वखार भाड्याने दिली असेल तर घरमिळकतीच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च वेगळा मिळत नाही. विम्याचा कागदही एकदा वाचावा. वादळाने झालेली हानी आणि देखभालीअभावी वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने झालेली हानी यांकडे विमा कंपनी एकाच दृष्टीने पाहत नाही. दुरुस्तीच्या तारखांसह काढलेली छायाचित्रे व पावत्या अशा वेळी उपयोगी पडतात.

त्या वखारीचे काम एकवीस दिवस चालले. जुन्या कौलांपैकी बहुतेक परत वर गेली. खचलेल्या आढ्याखाली एक नवा खांब उभा राहिला. एका कोपऱ्यात चिमणीचे घरटे निघाल्याने तेवढा भाग शेवटच्या चार दिवसांत करण्यात आला. हमालांचा कट्टा वळचणीखालून काढून आंब्याच्या सावलीत नव्याने बांधला गेला. मिस्त्रीने जास्तीची चाळीस कौले आत भिंतीशी उभी रचून ठेवली आणि दर वर्षी साठा मोजण्याच्या दिवशी आपल्यास किंवा आपल्या मुलास बोलवावे, असे पुतण्यास सांगून ठेवले. वहीच्या पहिल्या पानावर ती तारीख लिहिलेली आहे.